मुक्त लेखनाचा प्रारंभ
(नवलेखकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



केवळ लेखणीच्या आधारे उभे राहू इच्छिणारा तरुण बहुधा पहिला प्रश्न विचारतो तो 'काय लिहावे?' हा नव्हे, तर 'कोण छापील?' हा. हा क्रम उलटा आहे. चांगला विषय हाती असला की संपादक दाराशी येतो, असे मुळीच नाही. परंतु विषयच नसेल तर ओळखीपाळखी दोन-चार लेखांपलीकडे पुरत नाहीत.

डॉ. अनिल अवचट यांनी पुण्यात वैद्यकीय पदवी घेतली. पण त्यांची ओळख झाली ती लेखक म्हणून. बिहारमधील वास्तव मांडणारे त्यांचे 'पूर्णिया' हे पुस्तक १९६९ साली प्रसिद्ध झाले. पुढे निपाणीच्या तंबाखू कामगार स्त्रियांसारख्या दुर्लक्षित कष्टकऱ्यांचे जीवन त्यांनी जवळून पाहून लिहिले. पी. साईनाथ यांनी १९९३ मध्ये साप्ताहिकातील नोकरी सोडली, एक अभ्यासवृत्ती स्वीकारली आणि देशातील अतिशय गरीब जिल्हे पालथे घातले. त्यातून १९९६ साली त्यांचे गाजलेले पुस्तक सिद्ध झाले. दोघांचेही भांडवल एकच : प्रत्यक्ष जाणे, ऐकणे, टिपून ठेवणे.

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या लेखकास हे भांडवल घरबसल्या उपलब्ध असते. ग्रामसभेचे इतिवृत्त, शाळेचा पट, पाणीपुरवठा योजनेचा खर्च, आठवडे बाजारातील भाव यांतून जे लिहिता येते ते शहरातील लेखकास सहसा गवसत नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये दहा रुपये शुल्काच्या अर्जावर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत माहिती मिळावयास हवी. अर्जदार लेखक आहे असे कळताच बिचकणारे कार्यालय स्वतःचेच नुकसान करून घेते, कारण माहिती न मिळाल्यास ऐकीव गोष्टच छापली जाते.

शिक्षक व शासकीय कर्मचारी यांनी मात्र लेखन सुरू करण्यापूर्वी आपणांस लागू असलेले वर्तणूक नियम वाचून घ्यावेत आणि शंका असल्यास वरिष्ठांकडून लेखी खुलासा मागवावा.

आता ज्या बाबतीत नवलेखक हमखास फसतो ती बाब. छापून येण्याच्या आनंदात तो समोर येईल त्या कागदावर सही करतो. प्रतिलिप्यधिकार अधिनियम, १९५७ नुसार नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखाचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तो स्वतःच असतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्काचे हस्तांतरण लेखी व सहीनिशीच व्हावे लागते. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे आणि क्षेत्र लिहिलेले नसेल तर ते भारतापुरते मानले जाते. म्हणून 'सर्व हक्क कायमचे' असे शब्द दिसताच थांबावे. एकदाच छापण्याची परवानगी देणे आणि लेख विकून टाकणे यांत फार अंतर आहे. पुढे त्याच लेखांचे पुस्तक करावयाचे झाले की ते अंतर कळते.

मानधन किती व केव्हा, हे लेख पाठविण्यापूर्वी विचारण्यात कमीपणा नाही. उत्तर लेखी घ्यावे. दिवाळी अंकासाठीचे लेखन पावसाळ्याच्या आरंभीच संपादकांकडे पोहोचावे. गणपतीनंतर पाठविलेला लेख चांगला असूनही 'साभार परत' येतो. प्रत्येक लेखाची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, पाठविल्याची तारीख वहीत नोंदवावी आणि महिनाभरात पोच न आल्यास दोन ओळींचे पत्र टाकावे.