ग्राहकाच्या फोनमध्ये तुमचं नाव काय?

(एपिसोडचं लेखी रूप. बोलताना जसं आलं, तसं बरंचसं ठेवलंय.)

ऑनलाइन विकायला बसलोय, फोटो टाकलेत, भाव लावलाय, पण गर्दीत आपण कुणाला दिसतच नाही, हा आजचा विषय. मसाले असोत, गोधड्या असोत की हाताने रंगवलेल्या पणत्या, प्रश्न सगळ्यांचा सारखाच. मी आज एकच वस्तू धरून बोलणार आहे. बाळहिरडा.

हिरडाच का? कारण माझं आजोळ आहुपे. आंबेगाव तालुक्याचं पश्चिमेकडचं टोक. घोडेगाव सोडलं, डिंभे धरणाचं पाणी मागे टाकलं, की घाटातून वळणं घेत रस्ता वर जातो आणि गावाच्या पुढे सह्याद्रीचा कडाच येतो. खाली मुरबाड तालुका, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगड. ट्रेकवाल्यांना हे नाव माहीत आहे. पण तिथल्या महादेव कोळी घरांना उन्हाळ्यात चार पैसे कशावर मिळतात, ते ट्रेकवाल्यांना फारसं माहीत नसतं. ते मिळतात हिरड्यावर.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हिरडा, बेहडा आणि आवळा मिळून त्रिफळा होतो, त्यातला हा हिरडा. फळ कोवळं असतानाच झाडावरून काढायचं आणि उन्हात वाळवायचं. वाळून काळं, टणक झालं की बाळहिरडा. झाडं उंच असतात. चढणारा माणूस जीव मुठीत धरून चढतो. वाळताना एक अवकाळी पाऊस आला, की मालाचा रंग गेला आणि भावही गेला. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा तर झाडंच झोपली होती. एवढं करून माल पोत्यात भरायचा आणि व्यापारी सांगेल त्या भावाला द्यायचा. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनउपज गोळा करायचा आणि विकायचा हक्क दिलाय, पण भाव अजून दुसरंच कुणीतरी ठरवतं.

आता ऑनलाइनकडे येऊ. माझी मामेबहीण आणि तिच्या बचतगटातल्या बायकांनी ठरवलं, आपण पाकिटं करून थेट विकू. एका मोठ्या ॲपवर माल टाकला. पंधरा दिवसांनी तिचा फोन. त्यासाठी ती टेकाडावर जाऊन उभी होती, कारण घरात रेंज नाही. म्हणाली, "दादा, हिरडा शोधला तर आपला पाचव्या पानावर पण नाय. आपला माल वाईट आहे का?"

माल वाईट नव्हता. मी बीटेक करून सर्चमध्येच काम करतो, म्हणजे तुम्ही ॲपवर काही शोधलं की कुठली वस्तू वर येते आणि कुठली खाली जाते, ते ठरवणारा कोड लिहितो. त्यामुळे हे जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक ॲपचं गणित वेगळं असतं, पण मुद्दे साधारण तेच. वस्तूवर किती जण क्लिक करतात, त्यातले किती घेतात, किती परत पाठवतात, रिव्ह्यू किती आणि कसे, भाव काय, किती दिवसांत पोचते. नव्या विक्रेत्याकडे यातलं काहीच नसतं. ज्याच्या खात्यावर हजार ऑर्डर आहेत तो वर दिसतो, वर दिसतो म्हणून त्याला आणखी ऑर्डर येतात. यात्रेत भेळेच्या ज्या गाडीवर गर्दी असते तिथेच आपणही उभे राहतो ना, तसंच. नव्या गाडीवाल्याची भेळ चांगली असली, तरी ती कुणी खाल्लेलीच नाही. या फेऱ्यातून बाहेर यायचे जे दोन रस्ते ॲप सुचवतं, त्या दोन्हींना पैसे लागतात: जाहिरात लावा, नाहीतर भाव पाडा.

भाव पाडून काय होतं बघा. आकडे मी समजुतीसाठी घेतोय. पाव किलोचं पाकीट 150 रुपयांना लावलं. पाठवणी 55, ॲपची फी 30, पाकीट-लेबल-टेप 15. उरले 50. त्यात हिरड्याची किंमत आणि निवडणाऱ्या बाईची मजुरी अजून धरलेलीच नाही. समोरचा तेच पाकीट 110 ला विकतोय. तिथे पोचायला 40 कमी केले तर हातात राहिले 10. आणि एखादं कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल ग्राहकाने दारातून परत पाठवलं, ज्याला धंद्यात आरटीओ म्हणतात (गाडीच्या लायसनवालं नव्हे), तर जाता-येताचं भाडं बऱ्याचदा विक्रेत्याच्याच अंगावर. ते 110 भरून काढायला अशी अकरा पाकिटं विकावी लागतील, तीही हिरडा फुकट आला असं धरून.

खोक्याचंही बघा. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, आकारही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 ने भागायचं. 30 बाय 20 बाय 15 चा खोका घेतला तर 1.8 किलो होतात. आत अर्धा किलो हिरडा असला तरी भाडं 1.8 किलोचं! मामेबहिणीने सुरुवातीला बिस्किटांचे रिकामे खोके वापरले होते, छान आणि फुकट म्हणून. आता जाड पिशवीत पाठवते.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. "हिरडा पावडर" या शब्दावर छोट्या विक्रेत्याने लढूच नये. तिथे ज्यांच्याकडे गोदाम आहे आणि सहा महिने तोटा सोसायची ताकद आहे, तेच टिकतात. ॲपवर दुकान ठेवा, हरकत नाही. पण जोर दुसरीकडे लावा: लोकांनी वस्तू न शोधता तुम्हाला शोधलं पाहिजे.

हे करायला मोठ्या विक्रेत्याकडे नसलेलं काहीतरी लागतं आणि आहुप्यातल्या बाईकडे ते आहे. तिला माहीत असतं की हा माल कुठल्या वाडीतला, कुठल्या आठवड्यात काढलेला, किती दिवस वाळवलेला. गोदामवाल्याकडे दहा ठिकाणची पोती एकत्र ओतलेली असतात. त्याने लिहायचं म्हटलं तरी काय लिहिणार? "शंभर टक्के नैसर्गिक." तेवढंच.

याचं मोठं उदाहरण देवगडचं आहे. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये जीआय मानांकन मिळालं. तरीही दुसरीकडचा आंबा देवगड म्हणून विकला जाणं काही थांबलं नाही, कारण पेटीवर नाव छापायला काय लागतं? मग देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामापासून आंब्यावर वेगवेगळा कोड असलेले स्टिकर आणले. शेतकऱ्याला स्टिकर मिळणार ते त्याची झाडं किती, उत्पादन किती, या हिशोबाने आणि ग्राहकाने व्हॉट्सॲपवरून कोड तपासायचा. मला यातला झाडांचा हिशोब सगळ्यात आवडला. झाडं ठरावीक, म्हणून स्टिकरही ठरावीक.

तुमच्याकडे संस्था नाही, स्टिकरची यंत्रणा नाही. चालेल. वहीत नोंद ठेवा आणि पाकिटावर हाताने लिहा: वाडीचं नाव, काढल्याची तारीख, पाकीट क्रमांक, या हंगामात एकूण किती पाकिटं. "210 पैकी 37" असं लिहिलेलं पाकीट हातात आलं, की घेणारा थांबून वाचतो. फक्त एक पथ्य पाळा. 210 संपली की संपली. बाजारातून पोतं आणून 211 वं करायचं नाही.

माल कुठून आला हा प्रश्न आपल्या तालुक्याला तसा नवा नाही म्हणा. डिंभ्याच्या जलाशयाला ज्यांचं नाव आहे ते हुतात्मा बाबू गेनू आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर ते आडवे झाले. असो, विषयावर येतो.

मधाचं घ्या. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. मग "कारवीचा मध" वर्षाचे बारा महिने, दरवर्षी, हव्या तेवढ्या बाटल्या कसा मिळतो? तुमच्याकडे खरा असेल तर "या वर्षी नाही" हे लिहायची हिंमत करा. महाबळेश्वरजवळच्या मांघरला 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून मध म्हटलं की लोकांना निदान एका गावाचं नाव आठवतं. हिरड्याला असं गाव नाही अजून. आहुपे का असू नये?

आता थोडं कडू. हिरड्याची जाहिरात करताना हात शिवशिवतो. "शुगर मुळापासून बरी", "वजन दहा दिवसांत कमी". लिहू नका. 1954 चा जादूटोणावजा औषधी जाहिरातींचा कायदा आहे, मधुमेह बरा करतो असा दावा त्यात बसत नाही, आणि औषध म्हणून बनवून विकायचं तर आयुर्वेदिक परवाना लागतो. तांदूळ, नाचणी, मध विकणार असाल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून तिचा चौदा आकडी नंबर पाकिटावर टाका. भावाबहिणींकडून पाच-पाच स्टार घ्यायचा मोहही टाळा. विक्रेत्याने ग्राहक बनून रिव्ह्यू टाकायला 2020 च्या ई-कॉमर्स नियमांत मनाई आहे. शिवाय सर्चवाली माणसं, म्हणजे आम्हीच, असले रिव्ह्यू शोधायलाही कोड लिहितो.

मग लोकांनी तुम्हाला शोधायचं म्हणजे कुठे? ॲपवर ग्राहकाचा नंबर तुमच्या हाती लागत नाही, तो ग्राहक ॲपचा असतो. म्हणून व्हॉट्सॲप. बिझनेस ॲप फुकट आहे, कॅटलॉग लावता येतो. त्यात ब्रॉडकास्ट लिस्ट असते. तिची गंमत अशी, की एका लिस्टमध्ये 256 जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. पुष्कळ जण याला अडचण म्हणतात. मला ती फुकट मिळालेली परीक्षा वाटते. पार्सल पोचल्यावर ग्राहकाला नंबर सेव्ह करायला सांगा आणि जमलं तर विचारा, काय नावाने केला? "कुरिअर 3" म्हणून केला असेल तर अजून काम बाकी आहे. मामेबहिणीला पुण्याच्या एका काकूंनी स्क्रीनशॉट पाठवला. त्यात "हिरडा आहुपे ताई" असं होतं. ती दिवसभर तोच स्क्रीनशॉट दाखवत फिरत होती.

तिची लिस्ट सध्या 90 च्या आत आहे. एप्रिलमध्ये "झाडं लागली आहेत", मे महिन्यात "वाळत घातलाय" आणि सोबत अंगणातला फोटो. फिल्टर नाही. पाकिटं भरली की भाव आणि यूपीआय. पैसे आधी येतात, त्यामुळे परत येणाऱ्या पार्सलची भानगडच उरत नाही. पावसाळ्यात मेसेज बंद, कारण विकायला काही नाही. पार्सलं आठवड्यातून एकदा घोडेगावला पोस्टात जातात आणि हे तिने ग्राहकांना आधीच सांगितलंय. दोन दिवसांत पोचवतो असं खोटं सांगण्यापेक्षा "बुधवारी निघेल" हे लोकांना चालतं.

जीएसटीचं बरेच जण विचारतात. 1 ऑक्टोबर 2023 पासून, उलाढाल मर्यादेत असेल (महाराष्ट्रात मालासाठी वर्षाला 40 लाख), तर जीएसटी नोंदणीशिवायही ॲपवरून राज्यातल्या राज्यात माल विकता येतो. पोर्टलवर पॅन देऊन एक एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. राज्याबाहेर मात्र नाही. सुरुवातीला पुणे-मुंबई-नाशिक एवढं पुष्कळ झालं.

एक गोष्ट मात्र आमच्या घरात अजून सुटलेली नाही. पाकीट महाग विकलं जायला लागल्यावर झाडावर चढणाऱ्याला किती द्यायचे? बहीण सध्या व्यापाऱ्यापेक्षा किलोमागे जास्त देते, आणि रोख. मामा म्हणतात, धंदा उभा राहीपर्यंत बाजारभावानेच घे. ती म्हणते, तसं केलं तर मी पण व्यापारीच झाले की, फक्त मोबाईलवाली. यंदा तिने पाकिटाच्या मागे एक ओळ छापायचं ठरवलंय, गोळा करणाऱ्याला किलोला किती रुपये दिले ते. मामांचा विरोध आहे. लेबल छापायला जायच्या आधी मार्चमध्ये बचतगटाची बैठक आहे, त्यात ठरेल.

तुम्ही विकत असाल तर तुमच्या पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा. पुढच्या भागात त्यातले काही घेऊन बोलू.