जोन्स : एका आडनावाचा उगम



३ नोव्हेंबर २००६ रोजी वेल्सची राजधानी कार्डिफ इथल्या मिलेनियम सेंटरमध्ये जोन्स आडनावाची १,२२४ माणसे जमली आणि एकाच आडनावाच्या लोकांच्या मेळाव्याचा जागतिक विक्रम झाला. आपल्याकडे कुलसंमेलने भरतात. तिथे येणारे एकमेकांचे भाऊबंद असतात, निदान तसे मानून तरी पंगतीला बसतात. कार्डिफच्या मेळाव्यात तसे मानायलाही आधार नव्हता. कारण जोन्स हे कुळ नव्हे आणि घराणेही नव्हे. कुणाच्या तरी बापाचे नाव जॉन होते, एवढेच ते आडनाव सांगते. असे बाप वेल्सच्या खोऱ्याखोऱ्यांत, वेगवेगळ्या शतकांत होऊन गेले, आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. आज मला या आडनावाविषयी बोलायचे आहे; विशेषतः त्याच्या आधी वेल्समध्ये काय होते आणि ते का गेले, याविषयी.

जुन्या वेल्समध्ये आडनाव नव्हते. माणसाचे नाव, मग ‘अप’ म्हणजे ‘चा मुलगा’, मग बापाचे नाव. पुढे पुन्हा ‘अप’ आणि आजोबा, पुन्हा ‘अप’ आणि पणजोबा. मुलगी असेल तर ‘वेर्ख’ म्हणजे ‘ची मुलगी’. लग्नानंतरही बाई बापाच्याच नावाने ओळखली जाई. नवऱ्याचे नाव तिला चिकटत नसे. बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने या देशाचे वर्णन लिहिले. त्यात तो नोंदवतो, की इथला अगदी सामान्य माणूसही आपल्या सहा-सात पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतो.

हा नुसता वंशाभिमान नव्हता. दहाव्या शतकातल्या हवेल दा या राजाच्या नावाने ओळखले जाणारे वेल्श कायदे पाहिले की त्यामागचे कारण कळते. बापाची जमीन सगळ्या मुलांत वाटली जाई. ते भाऊ वारले की तीच जमीन चुलतभावांत पुन्हा वाटता येई, आणि पुढे एका पणजोबाच्या पणतवंडांतही. खून झाला तर भरपाई एकट्या खुन्याने द्यायची नसे. त्याच्या भाऊबंदांनी द्यायची आणि मृताच्या भाऊबंदांनी घ्यायची. ज्याला पणजोबाचे नाव सांगता येत नाही, त्याला जमिनीवर हक्क सांगता येत नसे. नावातली ती लांबलचक साखळी म्हणजे माणसाने तोंडात बाळगलेला हक्काचा कागद होता.

१५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत सामावला गेला. कोर्टाची भाषा इंग्रजी झाली. सगळ्या मुलांत जमीन वाटण्याची वेल्श रीत रद्द झाली आणि थोरल्याकडे वारसा जाण्याची इंग्रजी रीत आली. मला यातला हा शेवटचा बदल सर्वांत मोठा वाटतो. आडनाव घ्या, असे त्या कायद्यांत कुठेही म्हटलेले नाही. पण पणजोबा सांगून जमीन मिळेनाशी झाली, तेव्हा पणजोबाचे नाव बाळगण्याची निकड संपली. उरलेले काम कारकुनांनी केले.

त्या काळची एक कथा वेल्समध्ये सांगतात. रोलंड ली हा बिशप तेव्हा वेल्सच्या कारभाराचा प्रमुख होता. ज्युरीची यादी वाचताना एकेका नावात पाच-पाच, सहा-सहा ‘अप’ येऊ लागले तेव्हा तो कंटाळला आणि त्याने हुकूम सोडला, की शेवटचे नाव तरी घ्या नाहीतर राहत्या वाड्याचे तरी घ्या. थॉमस अप रिचर्ड अप हवेल असे नाव सांगणारा जमीनदार त्या दिवसापासून थॉमस मॉस्टिन झाला. कथा कुठवर खरी हा भाग वेगळा. मॉस्टिन हे घराणे खरे आहे, आणि बडे लोक आधी बदलले हेही खरे. सामान्य शेतकरी मात्र, विशेषतः उत्तर वेल्समधला, पुढे दोन-अडीचशे वर्षे बापाचेच नाव लावत राहिला.

आडनावे पडताना कुठे ‘अप’ नावातच विरघळला. अप रीस याचे प्राइस झाले, अप हवेल याचे पॉवेल, अप ह्यू याचे प्यू, अब ओवाइन (‘अब’ हे ‘अप’चेच रूप) याचे बोवेन. बहुतेक ठिकाणी मात्र कारकुनाने इंग्रजी पद्धतीने बापाच्या नावाला ‘स’ जोडला. जॉनला वेल्शमध्ये तऱ्हेतऱ्हेची रूपे होती : येयन, इवान, योआन, शॉन. येयन आणि इवान यांतून पुष्कळदा इव्हान्स झाले, शॉनमधून जोन्स. पण चर्चच्या लॅटिन नोंदीत सगळ्यांचेच ‘योहानेस’ होई आणि इंग्रजी नोंदीत सगळ्यांचेच जॉन. ज्या आडनावाने आज वेल्सची ओळख होते, त्याचे पहिले अक्षर ‘जे’ जुन्या वेल्श वर्णमालेत नव्हते.

आता एकच घर जवळून पाहू. वेल्सच्या अँगलसी बेटावर ल्हानविहांगेल नावाच्या पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, १६७५ साली एका शेतकऱ्याला मुलगा झाला. शेतकऱ्याचे नाव शॉन शोर, म्हणजे जॉन जॉर्ज. त्याच्या बायकोचे नाव एलिझाबेथ रोलंड. तिचे स्वतःचे नाव तिच्याकडेच राहिलेले आहे. मुलगा विल्यम. शॉनचा मुलगा म्हणून तो विल्यम जोन्स झाला. गणितात हुशार म्हणून गावच्या जमीनदाराने त्याला लंडनला पेढीवर नोकरी मिळवून दिली. पुढे तो जहाजांवर गणित शिकवू लागला, न्यूटनच्या वर्तुळात गेला, रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. वर्तुळाचा परीघ आणि व्यास यांच्या गुणोत्तराला ‘पाय’ हे ग्रीक अक्षर पहिल्यांदा छापील पुस्तकात वापरले ते त्यानेच, १७०६ साली. आपण शाळेत ते गिरवले आहे.

या विल्यमला १७४६ मध्ये लंडनला मुलगा झाला. त्याचेही नाव विल्यम. अँगलसीच्या रिवाजाने तो विल्यमचा मुलगा, म्हणजे विल्यम विल्यम्स व्हायला हवा होता. पण तो लंडनकर होता. तो तीन वर्षांचाही नव्हता तेव्हा बाप वारला, आणि आजोबाचे नाव नातवाला आडनाव म्हणून राहिले. या घरात जोन्स हे ‘आडनाव’ झाले ते नेमके इथे.

हाच तो सर विल्यम जोन्स. १७८३ मध्ये तो न्यायाधीश म्हणून कलकत्त्याला आला, १७८४ मध्ये त्याने एशियाटिक सोसायटी स्थापन केली, १७८६ च्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे मांडले, १७८९ मध्ये शाकुंतलाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. भाषांच्या वंशावळीचा विचार जगाला देणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या नावात वंशावळीची एक तुटलेली कडी होती, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

१८३७ पासून जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी सुरू झाली आणि उरलीसुरली नावेही गोठली. मोजक्या बापांच्या नावांवर सारा देश उभा राहिला : जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स, थॉमस. आजही वेल्समध्ये शंभरातले पाच-सहा जण जोन्स आहेत. मग लोकांनी आपली सोय केली. पाववाला जोन्स, दूधवाला जोन्स. खेड्यात शेताचे नाव माणसाला लागले. फौजेत आकडे लागले. १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत रोर्क्स ड्रिफ्टच्या लढाईत जळत्या इस्पितळाची एक खोली दोन शिपायांनी संगिनींनी लढवली आणि रुग्णांना बाहेर काढले. एक ५९३ विल्यम जोन्स, दुसरा ७१६ रॉबर्ट जोन्स. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

अलीकडे काही वेल्श घरांत ‘अप’ परत आला आहे. २०२३ मध्ये प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे नेते झालेले रुन अप योरवर्थ यांचे वडील एडवर्ड मॉरस जोन्स. एडवर्डला वेल्शमध्ये योरवर्थ म्हणतात. म्हणजे एका जोन्सच्या मुलाने आडनाव बाजूला ठेवून बापाचे नाव लावले. २०२३ मध्ये त्यांचा मतदारसंघ होता अँगलसी, शॉन शोरचेच बेट.

तेव्हा कुणी जोन्स आपले मूळ शोधायला निघाला, तर आडनावाची त्याला मदत नाही. त्याने पॅरिशचे आणि शेताचे नाव धरावे, आणि बायकांची नावे सोडू नयेत. माग पुष्कळदा तिथेच लागतो. अबेरिस्टविथच्या नॅशनल लायब्ररी ऑफ वेल्समध्ये १८५८ पूर्वीची वेल्श मृत्युपत्रे आहेत आणि ती इंटरनेटवर मोफत पाहता येतात. ज्यांना हा विषय पुढे न्यावासा वाटेल, त्यांनी टी. जे. मॉर्गन आणि प्रिस मॉर्गन या पितापुत्रांचे ‘वेल्श सरनेम्स’ हे १९८५ चे पुस्तक मिळवून जरूर वाचावे.