पडक्या बुरुजाची साक्ष

साताऱ्यास येणारा प्रवासी अजिंक्यताऱ्यावर बहुधा मोटारीनें चढतो. गार वारा, खालीं पसरलेलें शहर, एखादें छायाचित्र. अर्ध्या तासांत गड ‘झाला’ आणि स्वारी कासकडे वळली! ही रीत सोयीची खरी. परंतु तींत गडाशीं ओळख होत नाहीं. घरीं आलेल्या वृद्ध पाहुण्याचें नुसतें पागोटें पाहून त्यास निरोप द्यावा, त्यांतलाच हा प्रकार.

ओळख करून घ्यावयाची तर मंगळाईच्या बुरुजाकडे जावें. इ. स. १६९९ च्या डिसेंबरांत औरंगजेब बादशहानें या गडास वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभु यांनीं तो साडेचार महिने झुंजविला. १७०० च्या एप्रिलांत मोगलांनीं तटाखालीं सुरुंग उडविले. पहिल्यानें गडावरचीं माणसें गाडलीं गेलीं. स्वतः प्रयागजी ढिगाऱ्याखालून जिवंत निघाले. दुसऱ्यानें मात्र तट बाहेरच्या बाजूस कोसळला, आणि हल्ल्यास सिद्ध असलेले हजाराहून अधिक मोगल शिपाई त्याखालीं सांपडले. त्यापूर्वींच, मार्चांत, राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तले होते. अखेर २१ एप्रिल रोजीं गड मोगलांच्या हातीं गेला व त्याचें नांव ‘आझमतारा’ झालें. पुढें तो मराठ्यांनीं परत जिंकला, आणि ‘अजिंक्यतारा’ हें नांव रूढ झालें. १७०८ सालीं शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला तो याच साताऱ्यास.

हा वृत्तांत ठाऊक असलेल्याला पडका तट हा नुसता दगडांचा ढीग वाटत नाहीं. मग प्रश्न उभा राहतो: असे तट पुन्हां नव्यानें उभारावे काय? उत्साही मंडळी ‘होय’ म्हणतात, आणि त्यांचें गडप्रेम निःसंशय खरें असतें. तथापि येथें जपानकडे पाहणें उपयोगाचें होईल. तेथें १८७३ च्या सरकारी हुकुमानंतर कित्येक किल्ले पाडले गेले. आज मूळचे मुख्य मनोरे अवघे बारा उरले आहेत. ओसाकाचा मनोरा १९३१ सालीं काँक्रीटनें बांधून काढला. आंत संग्रहालय आहे, वर जाण्यास पाळणा आहे. माहिती पुष्कळ मिळते. उलट हिमेजीचा मनोरा १६०९ सालचा, लांकडी. तेथें पादत्राणें काढून उभ्या चढाचे जिने चढावे लागतात. पहिल्या ठिकाणीं इतिहास वाचावयास मिळतो. दुसऱ्या ठिकाणीं तो पावलांना कळतो.

तात्पर्य, तटांत शिरलेलीं झाडांचीं मुळें काढावीं, सुटलेला दगड चुन्यानें बसवावा, पाण्यास वाट द्यावी. हें रक्षण झालें. परंतु कोसळलेली बाजू सिमेंटनें गुळगुळीत केली, तर १७०० सालची साक्षच पुसली जाईल.

सांगलीची गोष्ट याहून निराळी. १८०१ मध्यें चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन मिरजेहून वेगळे झाले. त्यांनीं कृष्णाकांठीं सांगलीस राजधानी केली आणि तेथें खंदकासह गणेशदुर्ग हा भुईकोट उभारला. आतां भोंवतीं शहराची वर्दळ इतकी दाटली आहे, कीं आपण किल्ल्यांतून चाललों आहों याची अनेकांस जाणीवहि नसते. डोंगरी किल्ल्याला पावसाचें व रानाचें भय, भुईकोटाला विस्मृतीचें.

जुलै २०२५ मध्यें युनेस्कोनें मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारशांत समावेश केला. सातारा जिल्ह्यांतील प्रतापगड त्यांपैकीं एक. असा मान मिळाला म्हणजे पाहुणे वाढतात. त्यांतील कोणी भिंतीवर नांव कोरतो, कोणी बाटली टाकून जातो. अजिंक्यतारा आणि गणेशदुर्ग त्या यादींत नाहींत. त्यांचा सांभाळ गांवकऱ्यांच्याच जाणतेपणावर अवलंबून आहे. पुढच्या सुटींत घरांतील वडील मनुष्यानें मुलांना घेऊन पायीं गड चढावा, पडक्या तटापाशीं बसून प्रयागजींची हकीकत सांगावी आणि येतांना दुसऱ्यानें टाकलेला कचराहि उचलून आणावा. एवढें केलें तरी तो गड त्या मुलांचा झाला.