मसुदा आणि मतभेद



मोठ्या व्यापारी संस्थेंत संचालकमंडळापुढें जो कागद जातो, तो सहसा एका माणसाच्या माहितीवर उभा नसतो. कारखान्यांतील इंजिनिअर, हिशेबनीस, माल विकणारे, कायद्याचे सल्लागार अशा अनेकांचा त्या विषयाशीं संबंध असतो. म्हणून मसुदा त्यांच्याकडे अभिप्रायार्थ फिरविण्याची चाल आहे. परंतु पुष्कळ ठिकाणीं ही चाल केवळ उपचार होऊन बसते. मसुदा पक्का झालेला असतो, बैठक उद्यांवर आलेली असते, आणि संबंधितांनीं फक्त ‘मम’ म्हणावयाचें असतें. हा उपचार केवढा महाग पडूं शकतो, याचें एक दारुण उदाहरण आज आपणांपुढें ठेवतों.

अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’ या अंतराळयानाचें उड्डाण २८ जानेवारी १९८६ रोजीं व्हावयाचें होतें. आदल्या रात्रीं फ्लोरिडांत कडाक्याची थंडी पडणार असें दिसतांच, यानाचे अग्निबाण बनविणाऱ्या मॉर्टन थायोकॉल कंपनीच्या इंजिनिअरांना काळजी वाटूं लागली. अग्निबाणाच्या सांध्यांतून तप्त वायु निसटूं नये म्हणून तेथें रबरी कडीं बसविलेलीं असत. थंडीनें तीं ताठरतील व फट वेळेवर बुजविणार नाहींत, अशी त्यांना भीति होती. रॉजर बोजोले या इंजिनिअरानें तर जुलै १९८५ मध्येंच कंपनीच्या वरिष्ठांस या सांध्यांविषयीं लेखी इशारा दिला होता.

२७ तारखेस घाईनें तेरा तक्ते तयार करून, सांध्यांचें उष्णमान सुमारें १२ अंश सेंटिग्रेडहून कमी असतां उड्डाण करूं नये, अशी शिफारस कंपनीनें टेलिफोनवरील बैठकींत केली. नासाच्या कांहीं अधिकाऱ्यांनीं तीवर जोराची हरकत घेतली. तेव्हां कंपनीच्या व्यवस्थापकांनीं आपसांत विचार करून शिफारस फिरविली आणि उड्डाण करावें असा सहीचा कागद पाठविला. इंजिनिअरांचा विरोध कायम होता. त्या कागदावर मात्र त्याचा उल्लेख नव्हता. दुसऱ्या दिवशीं उड्डाणानंतर ७३ सेकंदांनीं यान फुटलें व त्यांतील सातही जणांचा अंत झाला. जून १९८६ मध्यें चौकशी आयोगानें नमूद केलें कीं, अखेरचा निर्णय घेणाऱ्यांना मूळची प्रतिकूल शिफारस ठाऊक नव्हती आणि इंजिनिअरांचा टिकून राहिलेला विरोधही ठाऊक नव्हता.

येथें अभिप्राय दिला गेला होता. तो मधल्या पायरीवर पुसला गेला. म्हणून मसुदा लिहिणाराचें पहिलें कर्तव्य मतैक्य दाखविणें हें नव्हे; मतभेद शाबूत वर पोंचविणें हें होय.

त्यासाठीं चार गोष्टी संभाळाव्या. मसुदा कच्चा असतांनाच मतें मागावीं. छापून झाल्यावर मागितलेलें मत म्हणजे वरातीमागून घोडें. ज्यांच्या हातून तें काम पार पडावयाचें व ज्यांना त्याचे परिणाम भोगावयाचे, त्यांना प्रथम विचारावें. ‘कसें वाटतें?’ असें विचारलें तर ‘ठीक आहे’ हेंच उत्तर येतें. ‘हा अंदाज कोणत्या परिस्थितींत खोटा ठरेल?’ असें विचारावें. आणि पुराव्याचें ओझें शंका घेणाराच्या माथीं मारूं नये. त्या रात्रीं धोका नाहीं हें सिद्ध करण्याऐवजीं, धोका आहे हें सिद्ध करण्याची पाळी इंजिनिअरांवर आली होती.

भारत सरकारांत मंत्रिमंडळापुढें जाणाऱ्या टिपणांत संबंधित खात्यांचीं मतें आणि त्यांवर मूळ खात्याचें उत्तर, अशीं दोन्ही देण्याची पद्धत आहे. व्यापारी कचेऱ्यांनींही ती उचलण्यासारखी आहे. ज्या आक्षेपाचें निरसन झालें, तें कसें झालें हें लिहावें. ज्याचें झालें नाहीं, तो आक्षेप घेणाराच्याच शब्दांत पहिल्या पानावर द्यावा, आणि कागद वर जाण्यापूर्वीं त्यास एकदां दाखवावा.

वरिष्ठांना वेळ थोडा असतो, हें खरें. परंतु मतभेद सांगावयास दोन ओळी पुरतात. त्या वाचूनही वरिष्ठ निराळा निर्णय घेतील. तो त्यांचा अधिकार आहे. त्या ओळी त्यांच्या दृष्टीस पडूं न देण्याचा अधिकार मात्र मधल्या कोणासही नाहीं.