विसरली म्हणजे चळली का?

(आष्टी, ता. परतूर, जि. जालना येथील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



मघाशी एक मावशी म्हणाल्या, "दूध चुलीवर ठेवते अन् इसरते. सून म्हणती, साठी बुद्धी नाठी." आपण सगळ्या हसलो. मग त्या म्हणाल्या, "आता पोरगं म्हणतंय, तुला काही कळत नाही, जमिनीच्या कागदावर अंगठा दे." तेव्हा कुणी हसलं नाही. आज त्यावरच बोलू.

पुरुषाला चष्मा सापडला नाही की तो बायकोला हाक मारतो. कुणाचं औषध कधी, सोसायटीचा हप्ता कधी, वैरण किती उरली, हे सगळं बाईच्या डोक्यात. त्याचं विसरणं तिच्या आठवणीखाली झाकलं जातं. ती विसरली की मात्र चळली!

वय वाढलं की नाव पटकन आठवत नाही, किल्ली सापडत नाही. हे वयाचं आहे. किल्ली, पासबुक, चष्मा यांची जागा ठरवा. गोळ्या जेवणाशी जोडा. आणि घरच्यांनीही तिला एकदम चार कामं सांगू नयेत.

पण ओळखीची वाट चुकणं, रोजचा स्वयंपाकच न सुचणं असं वाढत गेलं, तर डॉक्टरांना दाखवा. कमी ऐकू येणं, थायरॉईड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, उदासी यांनीही विसर पडतो आणि त्यावर इलाज आहे. स्मृतिभ्रंश हा वेगळा आजार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात साठीपुढच्या दर शंभरांत सुमारे ७ जणांना तो असल्याचा अंदाज निघाला. पुरुषांपेक्षा बायांत आणि शहरापेक्षा खेड्यात तो जास्त आढळला.

आता अंगठा. मुलगा म्हणतो, तुला कळत नाही, म्हणून अंगठा दे. अहो, व्यवहार खरोखरच कळत नसेल, तर तो अंगठा कायद्याला चालत नाही. आणि कळत असेल, तर तिला नीट विचारा, कागद वाचून दाखवा, ती नाही म्हणाली तर ऐका. दूध उतू गेलं म्हणून हक्क उतू जात नाही.

द्यायचीच असेल जमीन, तर "मला सांभाळायचं" ही अट कागदात लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ आहे. सांभाळ झाला नाही, तर न्यायाधिकरणाकडे दाद मागून ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं.

मावशी, दुधाचं विसरलात तरी चालेल. एवढं लक्षात ठेवा: अंगठा देण्याआधी गटात या. तुमच्या वतीनं आठवण ठेवायला आम्ही आहोत, निर्णय मात्र तुमचाच.