शेरूची शेवटची बदली

(मंडळाच्या स्नेहसंमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर. वक्ते जबलपूर येथे रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन विभागात सीनियर सेक्शन इंजिनियर आहेत.)

सचिवांनी मला "काहीही बोला, पण पंधरा मिनिटांत आटपा" अशी ताकीद दिली आहे. मी डिप्लोमावाला माणूस, डबे दुरुस्त करणारा. व्याख्यान हा माझा प्रांत नव्हे. परंतु आपल्या कॉलनीतल्या काही घरांनी मिळून एका म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याला घर मिळवून दिले. ते कसे जमले हे आज सांगणार आहे, कारण तेच काम आता पुन्हा आपल्यापुढे आले आहे.

शेरूला आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असेल. कॉलनीला लागून घर बांधून राहिलेल्या एका निवृत्त गार्डसाहेबांचा तो कुत्रा. 2023 च्या पावसाळ्यात साहेब गेले. वहिनी त्याआधीच गेल्या होत्या. मुलगा बेंगळुरूला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो, आणि घरमालकाला कुत्रा चालत नाही. शेवटी डोळ्यांत पाणी आणून त्याने शेरूला प्राण्यांच्या शेल्टरमध्ये ठेवले. त्याला कोणी नावे ठेवू नयेत. आपण सगळी बदलीची माणसे आहोत. सामान बांधताना काय काय मागे ठेवावे लागते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

शेरू तेव्हा दहा वर्षांचा होता. मागच्या पायांना संधिवात, एका डोळ्यात मोतीबिंदू आणि हृदयाची एक झडप गळकी. शेल्टरमध्ये लोक येतात ते पिल्लू न्यायला. शेरूच्या पिंजऱ्यावर पाटी होती, 'वय 10, आजारी'. ती वाचून माणसे पुढच्या पिंजऱ्याकडे वळत. असे दहा महिने गेले.

आमच्या खात्यात डब्यात दोष निघाला की त्याला 'सिक' ठरवतात आणि सिक लाइनवर घेतात. पण नुसते 'सिक' म्हणून भागत नाही. दोष कोणता, चाकात की ब्रेकमध्ये की स्प्रिंगमध्ये, हे लिहावे लागते. तेव्हाच दुरुस्ती करणाऱ्याला कळते की काम किती आहे आणि आपल्याला झेपेल की नाही. शेरूच्या पाटीवर नेमके हेच नव्हते. 'आजारी' या एका शब्दात माणूस आपल्या मनातली सगळी भीती भरतो.

म्हणून पहिले काम केले ते तपासणीचे. आपल्या शहरात 1948 पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपल्याला मोठीच सोय. छातीचा एक्स-रे, हृदयाची सोनोग्राफी आणि रक्ताची तपासणी करून घेतली. मूत्रपिंड आणि यकृत ठीक निघाले. मग एका कागदावर हिंदीत आणि मराठीत सगळे लिहून काढले. आजार कोणता, गोळी कोणती, किती वाजता, महिन्याचा खर्च किती, पुढे काय होऊ शकते. हृदयाची पिमोबेन्डान ही गोळी दिवसातून दोनदा, जेवणाआधी साधारण एक तास. फुप्फुसात पाणी साठू नये म्हणून फ्युरोसेमाइड. तिने लघवी वाढते, म्हणून बाहेर जास्त वेळा न्यावे लागेल, पण प्यायचे पाणी कधीही कमी करायचे नाही. आणि शेवटची ओळ अशी होती, "हा आजार बरा होणारा नाही. औषधाने तो बऱ्यापैकी जगेल."

एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन सल्ला दिला, "साहेब, हृदयाचे आत्ताच कशाला सांगता? एकदा घरी नेऊ द्या, लळा लागला की सांगा." हेतू चांगला होता, पण मला ते पटले नाही. दोष लपवून डबा गाडीला जोडला तर तो वाटेत कुठेतरी थांबतोच. कुत्रा परत आला तर त्याला दुसऱ्यांदा घर सुटल्याचे दुःख, आणि नेणारा माणूस पुन्हा शेल्टरची पायरी चढत नाही. कागद वाचून चार कुटुंबांनी नकार दिला. ते बरेच झाले. जे नकार देणारच होते, त्यांनी शेरूला हात लावण्याआधी दिला.

मध्यंतरी एका लांबच्या शहरातून विचारणा आली. आपल्यापैकी अनेकांना हा प्रश्न पडतो म्हणून नियम सांगतो. एसी फर्स्टमध्ये संपूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर असेल तरच कुत्रा बरोबर नेता येतो. सेकंड एसी, थर्ड एसी आणि स्लीपरमध्ये नेता येत नाही. नाहीतर पार्सल ऑफिसात बुकिंग करून ब्रेकव्हॅनमधल्या डॉग बॉक्समधून न्यावा लागतो. पशुवैद्याचा दाखला आणि लसीकरणाचे कागद जवळ लागतात. महिना होता मे. ब्रेकव्हॅन उन्हात किती तापते हे मला रोजच्या कामामुळे ठाऊक आहे. हृदयरोगी जनावराला त्यात रात्रभर पाठवायचे नाही, असे ठरवले.

मग घर निघाले ते आपल्याच कॉलनीमागे. एक निवृत्त टीटीई आणि त्यांच्या सौभाग्यवती. नाव सांगायचे नाही असे काकूंनी बजावले आहे, तेव्हा काका-काकूच म्हणतो. आम्ही तोवर तरुण जोडप्यांनाच विचारत होतो. पण जरा विचार करा, म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसभर घरात असणारे माणूस हवे, तळमजला हवा आणि सावकाश चालणारी सोबत हवी. हे सगळे काका-काकूंकडे होते. त्यांची अडचण वेगळी होती. काका म्हणाले, "आम्ही सत्तरीचे. मुलीकडे पुण्याला महिनाभर गेलो तर? आणि आमचेच काही झाले तर?"

हा प्रश्न हसून टाळण्यासारखा नव्हता. शेरू आधी ज्या कारणाने पोरका झाला, तेच हे कारण. म्हणून त्याचेही लिहून ठेवले. काका-काकू गावाला गेले तर अमुक दोन घरे शेरूला सांभाळतील. औषधाचा खर्च तीन घरे वाटून घेतील. काहीच जमले नाही तर शेल्टर परत घेईल, कोणी कोणाला बोल लावणार नाही. आधी पंधरा दिवस नुसते राहायला, मग निर्णय. जून 2024 मध्ये शेरू पंधरा दिवसांसाठी गेला आणि तिथेच राहिला.

घरातल्या तयारीला फार काही लागले नाही. फरशीवर पाय घसरू नये म्हणून पाण्याच्या भांड्यापर्यंत तागाचे तरट अंथरले. थंडीत झोपायला जाड गोधडी. आपल्या घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन त्याला कधीही द्यायची नाही, कारण कुत्र्याला ती घातक ठरू शकते. उत्सवातली एक गोष्ट सर्वांनीच लक्षात ठेवावी. मनुका आणि द्राक्षे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला अपाय करतात, म्हणून मनुका घातलेली पंचखाद्याची खिरापत प्रेमाने सुद्धा त्याच्यापुढे धरू नये. ढोल-ताशांच्या वेळी त्याला आतल्या खोलीत, दार लावून ठेवत.

डॉक्टरांनी काकांना एक काम दिले होते. कुत्रा गाढ झोपेत असताना मिनिटाला श्वास किती, ते मोजायचे. तीसच्या आत असेल तर काळजी नको. सारखा वर राहू लागला तर लगेच फोन. काकांनी जन्मभर चार्ट सांभाळला, त्यांनी वहीच घातली. तारीख, वेळ, आकडा. बावीस, चोवीस, एकवीस. एकदा छत्तीस लिहिलेले आहे आणि पुढे 'डॉक्टर आले, गोळी वाढवली'. त्यानंतर पुन्हा चोवीस. त्या छत्तीसच्या आकड्याने शेरूला पुढचे कितीतरी महिने दिले.

फेब्रुवारी 2026 मध्ये शेरू गेला. एक वर्ष आठ महिने तो त्या घरात राहिला आणि घरातच, काकूंच्या पायाशी गेला. कोणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढा खटाटोप? मी म्हणतो, दहा वर्षांच्या कुत्र्याच्या हिशेबात एक वर्ष आठ महिने थोडे नाहीत. नामदेवांची गोष्ट आपण मुलांना सांगतो. कुत्र्याने पोळी पळवली, तर कोरडी खाऊ नये म्हणून ते तुपाची वाटी घेऊन मागे धावले. पोळी तर त्याला मिळालीच होती. आणखी काय हवे, हे पाहणारा माणूस विरळा.

आता पुढचे. 7 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि आपली रेल्वे स्थानके यांच्या आवारातली भटकी कुत्री हलवून, नसबंदी आणि लसीकरण करून शेल्टरमध्ये ठेवण्याचा आदेश दिला. आदेशाची चर्चा करायला मी उभा नाही. पण शेल्टरमध्ये गर्दी झाली की सर्वांत मागे कोण राहते, हे शेरूच्या पाटीने आपल्याला दाखवले आहे.

मागच्या महिन्यात मी काकूंना भीतभीतच विचारले, "काकू, पुन्हा एखादा आणाल का?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आधी कागद दाखव."

मंडळी, शेल्टरमध्ये सध्या दोन म्हातारी कुत्री आहेत. एक नऊ वर्षांची कुत्री, तिला थायरॉइडची रोजची गोळी आहे. दुसरा बारा वर्षांचा, दोन्ही डोळ्यांनी अधू, बाकी धडधाकट. दोघांचे कागद तयार आहेत, खर्चासकट. एक प्रत काकूंकडे पोहोचली आहे. बाकीच्या माझ्या पिशवीत आहेत. कार्यक्रम संपल्यावर मी चहाच्या टेबलाशी उभा राहतो. घर देणे सर्वांनाच जमेल असे नाही. औषधाच्या खर्चात वाटा, सुट्टीत महिनाभर सांभाळणे, डॉक्टरकडे नेण्यासाठी गाडी, यांतले काही जमत असेल तरी नाव लिहून द्या. न जमणारे असेल तर तेही मोकळेपणाने सांगा.

पंधरा मिनिटे झाली. सचिव घड्याळाकडे पाहत आहेत.