पिशवी आणि तिचे बंध



ज्या गावात तेरणा कारखाना उभा आहे, त्या ढोकीला ऊसतोडीविषयी आम्ही काय सांगावे? आज बोलायचे आहे ते ऊस तोडणाऱ्या बाईच्या पोटाविषयी. आमची शाळा सातवीत सुटली; शरीरशास्त्र आम्ही पुढे मागून आणलेल्या पुस्तकांतून वाचले. त्यास कारण घडले. फडावरच्या एका बाईने दवाखान्याचा कागद पुढे धरून विचारले, "दादा, पिशवीच काढली, का अजून काही?" आम्ही निरुत्तर झालो.

पिशवी म्हणजे गर्भाशय. त्याच्या दोन्ही अंगांस बदामाएवढा एकेक बीजांडकोश असतो. एक आखूड बंध त्यास गर्भाशयाशी जोडतो. दुसरा ओटीपोटाच्या बाजूच्या भिंतीकडे जातो. हा दुसरा नुसते दावे नव्हे, पाटही आहे. पोटातल्या महारोहिणीपासून निघालेली रक्तवाहिनी त्यातूनच कोशाकडे येते. थोडे रक्त गर्भाशयाच्या बाजूनेही मिळते.

कोश मागे ठेवून गर्भाशय काढताना आखूड बंध कापावाच लागतो. दुसरा राखला तर कोश जगतो, काम करतो; मात्र गर्भाशयाकडचे रक्त तुटल्याने काहींचा वेळेआधी थकतो. दोन्हीकडचे दुसरे बंध कापून कोशही काढले, तर तिशीतल्या बाईची पन्नाशी एका दिवसात येते. अंगाची लाही होते, झोप उडते, पुढे हाडे ठिसूळ होतात. आणि या बाईला तर डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे असते!

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे बीड जिल्ह्याची पाहणी आली. ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे सहांत एक. गाठ वा अतिरक्तस्राव असेल तर ही शस्त्रक्रिया जीव वाचवते, तिच्याशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते खाड्याशी. पाळीत बसली की मुकादम पैसे कापतो. फडावर न्हाणी नाही, संडास नाही. वर कर्करोगाची भीती घालणारे भेटतात. मग पिशवीच नको, असे तिलाच वाटू लागते.

काय काढले व काय राखले, हे कागदावर मराठीत लिहून मिळावे, एवढी साधी मागणी आम्ही करीत आलो आहोत.

त्या बाईचा कागद आम्ही पुढे एका डॉक्टरीणबाईंकडून वाचवून घेतला. दोन्ही कोश काढले होते. वय एकतीस. आम्ही सांगितले तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली; मग म्हणाली, "म्हणजे थंडीतबी अंगातला उन्हाळा जात नाही, तो ह्याच्यामुळं व्हय?"